ट्यूब कपाटातून बाहेर काढा

पत्राचा सारांश: मी साताऱ्यात राहते. माझी मुलगी 18 वर्षांची आहे आणि ती सहा महिन्यांची असल्यापासून तिला इसब आहे. कोपरांच्या खळग्यांत, गुडघ्यांच्या मागे, मानेवर आणि अलीकडे पापण्यांवरही. डॉक्टर झाले, वैद्य झाले, होमिओपॅथी झाली, नवस झाले. वांगे, दही, शेंगदाणे, अंडी बंद केली. तरी ती रात्री झोपेत खाजवते आणि सकाळी चादरीवर रक्ताचे डाग असतात. सध्या डॉक्टरांनी मोमेटासोनचे मलम दिले आहे. त्यात स्टेरॉईड असल्यामुळे ट्यूब मी माझ्याच कपाटात ठेवते आणि ती झोपली की थोडेसे लावते. दिवाळीत आणलेली 30 ग्रॅमची ट्यूब अजून चालू आहे. ‘खाजवू नकोस’ म्हटले की ती अंगावर येते, मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालते, माझ्याशी धड बोलत नाही. सासूबाईंना तिच्या लग्नाची काळजी लागली आहे. तिला बारावीनंतर पुण्याला शिकायला जायचे आहे. पाठवू का? तिथे तिच्याकडे कोण बघेल?
— एक आई

ताई,

वांग्यापासून नवसापर्यंतची सगळी हकिगत तुम्ही सविस्तर लिहिली आहे आणि खरी गोष्ट मात्र एका ओळीत उरकली आहे. मतदानाचा हक्क मिळालेल्या मुलीचे औषध तिच्या आईच्या कपाटात असते आणि ते तिच्या अंगाला ती झोपेत असताना, तिला न विचारता लावले जाते. तुमच्या इतक्या वर्षांच्या जागरणांबद्दल मी सांत्वनाचे चार शब्द लिहावेत अशी तुमची अपेक्षा असेल, पण ते मी आज लिहिणार नाही, कारण ती ओळ वाचल्यापासून मला तुमच्या मुलीचीच बाजू घ्यावीशी वाटते आहे.

आधी त्या ट्यूबचा हिशेब करू. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत मलमाची एक सलग रेघ काढली, तर ते साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या, बोटांसह मोजलेल्या, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. दोन्ही कोपरांच्या खळग्या आणि दोन्ही गुडघ्यांच्या मागची जागा प्रत्येकी एका तळहाताएवढी धरली, तरी इसब भडकलेला असताना तिला रोज एक ग्रॅम मलम लागते, म्हणजे 30 ग्रॅमची ट्यूब महिनाभरात संपायला हवी. तुमची सहा महिने पुरली आहे. मलम बारा महिने लावायचे नसते, हे मला ठाऊक आहे, पण चादरीवर सकाळी रक्त दिसते त्या घरात दिवसाला सरासरी एका ग्रॅमचा सहावा हिस्सा वापरला जात असेल, तर औषध लागू पडत नाही ही तक्रार मी मान्य करणार नाही. इसब विझेल इतके औषध त्या मुलीला तुम्ही एकदाही लावलेले नाही. तिच्या वाट्याला आला तो औषधाचा नुसता वास.

स्टेरॉईडची भीती तुम्ही कुठून आणलीत, हेही मला कळते, आणि ती निराधार नाही. आपल्याकडे क्लोबेटासोलसारखे अतिशय तीव्र स्टेरॉईड, बुरशीवरचे औषध आणि प्रतिजैविक एकाच ट्यूबमध्ये घातलेली मलमे मेडिकलमधून कोणीही आणायचे आणि नायट्यापासून चेहरा उजळण्यापर्यंत कशासाठीही वर्षानुवर्षे चोळायचे. त्यातून त्वचा पातळ झाल्याची, लाल रेघा उमटल्याची, नायटा अंगभर पसरल्याची उदाहरणे त्वचारोगतज्ज्ञांनी इतकी पाहिली की त्यांच्या संघटनेला त्याविरुद्ध मोहीम हाती घ्यावी लागली, आणि 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉईड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. चिठ्ठीशिवाय ती आजही मिळतात, हा भाग वेगळा. परंतु तुमच्या मुलीला तपासून, जागा पाहून, ठरावीक दिवसांसाठी दिलेले मलम हा तो प्रकार नव्हे. भडका पूर्ण शमेपर्यंत ते रोज एकदा पुरेसे लावायचे, मग थांबवायचे आणि वारंवार उसळणाऱ्या जागांवर डॉक्टरांनी सांगितल्यास आठवड्यातून दोनच दिवस लावत राहायचे, अशी त्याची रीत आहे. चिमूटभर मलम महिनोन्महिने लावण्याने ना आजार आटोक्यात येतो ना स्टेरॉईडपासून सुटका होते.

आता ‘खाजवू नकोस’विषयी. तुम्हीच लिहिता की ती झोपेत खाजवते. झोपलेल्या माणसाला आज्ञा पाळता येत नाही, आणि जागेपणीही ही खाज दात-ओठ खाऊन थोपवता येण्यासारखी नसते. अशी त्वचा पाणी धरून ठेवू शकत नाही. पुष्कळ रुग्णांमध्ये त्याचे मूळ फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील जन्मजात दोषात असते, असे 2006 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. कोरडी त्वचा खाजते, खाजवले की आणखी फाटते आणि फाटलेली त्वचा आणखी खाजते. या फेऱ्यात वर्षानुवर्षे रात्रीची झोप गमावलेली मुलगी सकाळी तुमच्यावर खेकसते, यात मला उद्धटपणा दिसत नाही. मीही खेकसले असते.

तिच्या ताटातले पदार्थ परत द्या. एखादा पदार्थ खाल्ल्यावर लगेच अंगावर गांधी उठत असतील किंवा ओठ सुजत असतील तर तो बंद ठेवून डॉक्टरांना सांगा, पण या वयात नुसत्या संशयावरून दही, शेंगदाणे आणि अंडी तोडण्याने इसब क्वचितच हटतो, ताटातली प्रथिने मात्र नक्की कमी होतात. सासूबाईंना एवढेच सांगा की इसब स्पर्शाने कोणालाही होत नाही. त्यापलीकडे लग्नाचा विषय या पत्रात मी काढणार नाही.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर: तिला पुण्याला पाठवा. तिच्याकडे कोण बघेल, तर ती स्वतः बघेल, आणि ते तिला आजवर येत नसेल तर त्याचे कारण तुमच्या कपाटात आहे. अनेकांचा इसब वयात येईपर्यंत मावळतो. तिचा मावळलेला नाही, तेव्हा चाळिशीतही तिला हाच आजार सांभाळावा लागेल असे धरून चाला, आणि तो सांभाळायला तुम्ही रात्री अकरा वाजता तिच्या खोलीत शिरू शकणार नाही.

म्हणून आज संध्याकाळी ती जागी असताना ट्यूब तिच्या हातात द्या आणि आजपर्यंत झोपेत लावत होते, ते चुकले, असे स्पष्ट सांगा. पेराचे माप दाखवा आणि मग खोलीतून बाहेर या. सोबत सुगंध नसलेल्या मॉइश्चरायझरचा मोठा डबा द्या; अंगभर दिवसातून दोनदा लावायचे तर आठवड्याला पाव किलोच्या आसपास लागते, त्यामुळे महागडी नाजूक बाटली घेऊ नका, साधे पांढरे पेट्रोलियम जेली चालेल. आंघोळ कोमट पाण्याने थोडक्यात उरकायची आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, ते लावायचे. तिने भसाभस लावून डबा संपवला तर नवा आणा, कुरकुर न करता. पिवळसर खपल्या धरल्या, पू आला किंवा दुखणारे पाण्याचे फोड झुपक्याने उठून ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, हे तिला माहीत असले पाहिजे, कारण पुण्यात ते ओळखणारे दुसरे कोणी नसेल.

आणि पुढच्या तपासणीला तिला एकटीला आत जाऊ द्या. तुम्ही बाहेर बाकावर बसा, आत काय बोलणे झाले ते तिने सांगितले तर ऐका, नाही सांगितले तर विचारू नका. पापण्यांचे तिने आवर्जून विचारावे, कारण तिथली त्वचा फार पातळ असते आणि मोमेटासोन तिथे आपल्या मनाने लावायचे नसते. त्या जागेसाठी टॅक्रोलिमससारखी स्टेरॉईड नसलेली मलमे आहेत, पण सुरुवातीचे काही दिवस ती चरचरतात, आणि हे डॉक्टरांच्या तोंडून तिने स्वतः ऐकलेले नसेल तर दुसऱ्याच दिवशी ती ट्यूब कचऱ्यात जाईल.