स्टिअरिंगवरचं क्रूझ कंट्रोलचं बटण चुकून दाबलं गेलं तर गाडी आपोआप पळायला लागते का?

तुम्ही लिहिलंय की गाण्याचा आवाज कमी करायला अंगठा सरकवला, भलतंच बटण दाबलं गेलं, मीटरमध्ये स्पीडोमीटरवर बाण असलेलं चिन्ह उमटलं आणि तुम्ही घाबरून गाडी बाजूला घेतली. आता त्या बटणांना हात लावायचीच धास्ती वाटते.

मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न वरचेवर कानावर येतो. तुम्ही सांगताय त्यावरून गाडीने काहीच केलेलं नाही. ती फक्त तयार होऊन बसली होती.

क्रूझ कंट्रोल म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता गाडी ठरवलेल्या वेगाने चालू ठेवणारी यंत्रणा. बहुतेक गाड्यांत तो दोन टप्प्यांत लागतो. आधी मेन बटण. ते दाबलं की चिन्ह दिसतं, बरेचदा पांढरं किंवा राखाडी, पण वेग अजून तुमच्या पायाखालीच असतो. मग सेट दाबलं की त्या क्षणाचा वेग पकडला जातो आणि चिन्ह सहसा हिरवं होतं. रंग कंपनीप्रमाणे बदलतात, तेवढं एक पान मॅन्युअलमध्ये बघून घ्या. शिवाय साधारण ताशी ३० ते ४० किमीच्या खाली साधा क्रूझ कंट्रोल लागतच नाही, म्हणजे गल्लीत किंवा पार्किंगमध्ये गाडी वळवताना बोट लागलं तर काही होत नाही.

समजा मेन चालू होतं आणि सेटही दाबलं गेलं. तरी गाडी झेपावत नाही, कारण तिने पकडलेला वेग तुमचा आत्ताचाच असतो. गंमत नंतर कळते. समोर वळण आलं म्हणून तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय उचलता आणि गाडी हळू व्हायचं नावच घेत नाही. माणूस दचकतो तो इथे.

मला खरी काळजी वाटते ती तिसऱ्या बटणाची, रिझ्यूमची, म्हणजे आधी सेट केलेल्या वेगावर गाडी परत नेणाऱ्या बटणाची. बऱ्याच गाड्यांत ते अधिकच्या चिन्हासोबत एकाच बटणावर असतं, आणि आवाज वाढवायच्या बटणावरही अधिकच असतं! समजा मोकळ्या रस्त्यावर तुम्ही ताशी ९० वर सेट केलं होतं, मग ब्रेक मारून सोडवलं. आता वाहनांच्या गर्दीत ५० ने चाललाय आणि अंगठा रिझ्यूमवर पडला. गाडीच्या डोक्यात ९० अजून शिल्लक आहे. ऑटोमॅटिक असेल तर एखादा गिअर खाली टाकते, इंजिनचा आवाज चढतो आणि पाय पेडलवर नसताना गाडी पुढे ओढायला लागते. चुकून दाबलेलं बटण धोक्याचं ठरतं ते या प्रसंगात. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे पुढच्या गाडीचं अंतर बघून वेग जुळवणारा प्रकार, असेल तर पुढच्या गाडीमागे ती स्वतःला आवरते, पण पुढची गाडी लेन बदलून गेली की पुन्हा जुन्या वेगाकडे धावते.

अशा वेळी करायचं एकच: ब्रेक. खाली बघत कॅन्सलचं बटण शोधत बसू नका. ब्रेकच्या पेडलमागे एक स्विच असतो, तो पेडल जरासं हललं की काम करतो, चाकांना ब्रेक लागायच्याही आधी. त्यामुळे हलका स्पर्श पुरतो, कचकचून दाबून मागच्याला घाबरवायची गरज नसते. मॅन्युअल गाडीत क्लचनेही सहसा सुटतं, पण काही नव्या गाड्या गिअर बदलेपर्यंत थांबतात आणि वेग पुन्हा धरतात, म्हणून भरवसा ब्रेकवरच ठेवा. ॲक्सिलरेटर दाबून मात्र क्रूझ सुटत नाही. पाय काढला की गाडी ठरलेल्या वेगावर परत येते.

ब्रेक मारून झालं की मेन बटणही बंद करा. बरेच लोक मेन कायम चालूच ठेवतात. मला ती सवय अजिबात पटत नाही. मेन बंद असेल तर सेट आणि रिझ्यूम कितीही वेळा दाबली गेली तरी काही होत नाही, आणि बहुतेक गाड्यांत साठवलेला वेगही पुसला जातो. काही जुन्या गाड्यांत हे बटण दाबलेलंच राहतं, गाडी बंद करून पुन्हा चालू केली तरी. दुसऱ्याची गाडी चालवायला घेताना एकदा मीटरवर नजर टाका.

बटणं इतकी अंगठ्याखाली आली कशाला, असंही तुम्ही विचारलंय. लहानपणीच दृष्टी गेलेल्या राल्फ टीटर या अमेरिकी इंजिनिअरला या यंत्रणेचं पेटंट १९५० मध्ये मिळालं आणि १९५८ च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये ती आली, तेव्हा वेग ठरवायची चकती डॅशबोर्डवर होती. ती चुकून फिरणं अवघड. पण वेग बदलायला दर वेळी स्टिअरिंगवरचा हात काढायचा, तेही बरं नव्हे. आज थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, कॉम्प्युटरच उघडतो, त्यामुळे कंपनीला क्रूझसाठी वेगळं यंत्र जवळपास लागतच नाही, दोन-चार बटणं आणि प्रोग्राम पुरतो. म्हणून ही बटणं आता साध्या गाड्यांतही दिसतात, आणि चालकाला ती काय करतात हे कुणी सांगितलेलंच नसतं.

याच घोळातला एक उलटा प्रकार: स्पीड लिमिटर. त्याचं चिन्ह क्रूझसारखंच दिसतं, बटणही शेजारीच. तो चुकून लागला की गाडी ठरावीक वेगाच्या वर जायला तयार नसते. पिकअप गेला म्हणून गाडी आणतात, कुणीतरी फिल्टर बदलायला सांगितलेला असतो, कुणी इंजेक्टर साफ करायला. मी आधी मीटर बघतो. कोपऱ्यात लिमिटरचं बारीक चिन्ह आणि शेजारी ६० चा आकडा असला की काम एका बटणात संपतं. ओव्हरटेक करताना हे झालं तर बहुतेक गाड्यांत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की लिमिटर बाजूला होतो.

आता तुम्ही बटण दाबलंच नव्हतं आणि चिन्ह आलं असेल, तर गोष्ट वेगळी. बऱ्याच गाड्यांत ही सगळी बटणं एकाच तारेवर असतात. प्रत्येक बटणाचा रेझिस्टन्स वेगळा, त्यावरून कॉम्प्युटर ओळखतो कोणतं दाबलं ते. आत गोड पेय सांडून चिकटलं किंवा संपर्क झिजला की आकडा सरकतो आणि आवाजाचं बटण दाबल्यावर क्रूझ जागा होतो. रेझिस्टन्स मोजणारा मल्टीमीटर लावून एकेक बटण दाबलं की चोर लगेच सापडतो. बटणांसोबत हॉर्नही मधूनच बंद पडत असेल किंवा एअरबॅगचा दिवा लागला असेल, तर संशय स्टिअरिंगमागच्या गुंडाळलेल्या पट्टीवर, म्हणजे क्लॉक स्प्रिंगवर. ते काम घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन करू नका, त्याच्यासमोरच एअरबॅग असते. बॅटरी सोडवून, मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबून मगच स्टिअरिंग उघडायचं असतं.