वाचकांचे प्रश्न : वैशाखात तापणारे ग्राफिक्स कार्ड

प्रश्न : माझ्या संगणकात चौथ्या पिढीचा आय ५ प्रोसेसर आणि जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड आहे. दिवाळीच्या सुटीत मित्राच्या सांगण्यावरून कार्डाचा वेग २०० मेगाहर्ट्झने वाढवला. जानेवारीत गेम खेळताना तापमान ६८ अंश दिसे. आता दुपारी ते ८४ वर जाते आणि दहा मिनिटांत गेम अडखळू लागतो. घर पत्र्याचे असून जवळच कापसाचे जिनिंग आहे. दोन हजार रुपयांत काय करता येईल? — एक विद्यार्थी, चोपडा

उत्तर : आपण दोन ऋतूंतले आकडे कळवलेत, त्यामुळे निदान सोपे झाले. पंखा आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) कार्डाला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत; कार्ड आणि हवा यांच्या तापमानातले अंतर तेवढे ते आटोक्यात ठेवतात. जानेवारीत खोली २४ अंशांवर असेल, तर आपल्याकडे हे अंतर ४४ अंशांचे होते. पत्र्याखालची खोली दुपारी ४० अंशांवर गेली की त्यात तेच ४४ मिळवून ८४ येतात. या पिढीतली कार्डे साधारण ८३ अंशांजवळ पोहोचली की स्वतःहून वेग उतरवू लागतात. म्हणजे दिवाळीत मिळवलेले मेगाहर्ट्झ कार्ड उन्हाळ्यात परत करीत आहे.

पहिला उपाय जवळपास फुकटातला आहे. जिनिंगजवळच्या घरांतली धूळ नेहमीच्या धुळीसारखी नसते. तिच्यात कापसाचे तंतू असतात, आणि ते हीटसिंकच्या पात्यांवर जाळीसारखे बसून बाकीची धूळ अडवून धरतात. अशा एका कार्डाचे वरचे आवरण मी काढले, तेव्हा पंख्याखाली वात वळायला घ्यावी असा करडा थर अखंड निघून हातात आला होता. मऊ ब्रश आणि हाताचा ब्लोअर पुरेसा आहे. मात्र हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण वाऱ्याने पंखा भरमसाट फिरला तर त्याचे बेअरिंग दुखावते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरकडे कार्ड नेऊ नये, त्या हवेत पाणी असते.

हे कार्ड २०१६ मध्ये बाजारात आले. आपले त्या सुमाराचे असेल, तर चिपची उष्णता हीटसिंककडे पोहोचवणारी थर्मल पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी झाली असण्याची दाट शक्यता आहे. हमीची मुदत संपल्याची खात्री करून मागचे चार स्क्रू काढावेत, पंख्याची बारीक वायर न ओढता जपून सोडवावी, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढीच घ्यावी. स्क्रू बसवताना एकदम एक पूर्ण न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जावे, नाहीतर हीटसिंक चिपवर तिरका बसतो. काही कार्डांत मेमरीवर उष्णता वाहून नेणारे मऊ पॅड असतात. ते फाटले तर त्याच जाडीचे नवे आणावेत. तिथे पेस्ट फासून भागत नाही. उरलेल्या पैशांत कॅबिनेटला १२० मिलिमीटरचे दोन पंखे लावावेत, पुढचा हवा आत घेणारा आणि मागचा बाहेर टाकणारा.

आता वेगाविषयी. हे कार्ड ७५ वॅटचे आहे, आणि मदरबोर्डच्या खाचेतून मिळू शकणारी वीजही तेवढीच असते. ज्या नमुन्यांना वेगळी वायर लागत नाही, त्यांना ताणायला फारशी जागाच उरत नाही. ओव्हरक्लॉक करून, म्हणजे वेग वाढवून, सेकंदाला ४० फ्रेमच्या (चित्रांच्या) ४३ झाल्या, तर तो फरक मीटरवर दिसतो, डोळ्यांना नाही. त्यापेक्षा व्होल्टेज उतरवून पाहावे. चिपचा वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून वेग तसाच ठेवून व्होल्टेज ५ टक्के उतरवले तरी चिपची उष्णता १० टक्क्यांच्या आसपास घटते. एमएसआय आफ्टरबर्नर या मोफत प्रोग्रॅममध्ये कंट्रोल आणि एफ या कळा एकत्र दाबल्या की व्होल्टेज व वेगाचा आलेख उघडतो. तिथे एक पायरी उतरावे, अर्धा तास गेम चालवावा, पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चट्टे उमटले नाहीत तर आणखी एक पायरी उतरावे. प्रोग्रॅममध्ये पाच निरनिराळ्या मांडण्या साठवता येतात. एक हिवाळ्याची आणि एक उन्हाळ्याची ठेवली, तर मित्राचाही मान राहील.

प्रश्न : लग्नांचे व्हिडिओ संपादित करण्यासाठी जुने आरएक्स ५८० कार्ड स्वस्तात मिळत आहे. माझा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॅटचा आहे. त्याला कार्डासाठी लागणारी ८ पिनची वायर नाही, पण विक्रेता जोडवायर देतो म्हणतो. घ्यावे का? — एक छायाचित्रकार, भुसावळ

उत्तर : या एसएमपीएसवर घेऊ नये. त्याच्या लेबलवर ४५० हा आकडा मोठा छापलेला असतो, पण कार्ड चालते ते १२ व्होल्टच्या वाहिनीवर, आणि त्या रकान्यात १८ अँपिअर लिहिलेले असले तर गुणाकार २१६ वॅटच येतो. आरएक्स ५८० एकटेच १८५ वॅट मागते. त्यात प्रोसेसरचे ६५ मिळवले की गणित २५० वर जाते. अशा वेळी हार्डडिस्कच्या जुन्या पिनांवरून ८ पिनची जोडवायर काढणे म्हणजे घरातल्या प्लगवर पिठाची गिरणी चालवणे आहे. आधी पिना काळ्या पडतात, मग वास येतो. आधी ८० प्लस (वीज कमी वाया जाते याची खूण) हे चिन्ह असलेला चांगल्या कंपनीचा एसएमपीएस घ्यावा. तो पुढच्या दोन कार्डांनाही पुरेल.

कार्डाविषयी दोन गोष्टी पाहाव्यात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते मिळवणे बंद झाले, तेव्हा महिनोन्महिने अहोरात्र राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली, आणि त्यांत ५८० फार होती. चिप सहसा टिकलेली असते, पंखे आणि पॅड मात्र संपलेले असतात. दुसरे म्हणजे, ५८० याच नावाने २०४८ शेडरचा (चिपमधल्या गणिती एककांचा) कमी ताकदीचा नमुनाही विकला जातो. मूळ कार्डात २३०४ असतात. जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये हा आकडा दिसतो, तो दुकानातच पाहावा. त्याच वेळी कार्ड वीस मिनिटे पूर्ण भाराने चालवून घ्यावे, आणि शक्य असेल तर भुसावळच्या दुपारीच. सकाळी दहाच्या गारव्यात कोणतेही कार्ड शहाण्यासारखे वागते.

प्रश्न : कॅबिनेटचे झाकण काढून समोर कूलर लावला तर चालेल का? — एक वाचक, धुळे

उत्तर : कूलर खोलीत असावा, कॅबिनेटसमोर नसावा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी असल्यामुळे कूलर खोलीचे तापमान चांगले उतरवतो, आणि खोली जितके अंश उतरेल, साधारण तितकेच कार्डही उतरते. चालू कार्ड हवेपेक्षा गरम असल्याने त्यावर दव धरत नाही. भीती असते ती वाळ्याच्या जाळीतून उडणाऱ्या तुषारांची. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके पात्यांवर बसतात, आणि ओलसर धूळ वीज वाहू लागते. झाकण लावलेलेच ठेवावे, कॅबिनेट स्टुलावर कूलरच्या बाजूला ठेवावे आणि समोरची खिडकी उघडी असावी. कूलर किंवा कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर कार्डाचा विचार बाजूला ठेवून आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.