पोटातल्या बाळापर्यंत काय पोहोचतं?

प्रश्न : मी २८ वर्षांची, घणसोलीला राहते. चौथा महिना चालू आहे. महाप्याच्या कंपनीत रात्रपाळी असते. दुसऱ्या महिन्यात माझे वडील अचानक गेले. महिनाभर अन्न जात नव्हतं, रडू थांबत नव्हतं, वजन चार किलोंनी उतरलं. आई रडली की बाळ रडकं होतं, असं सासूबाई काळजीने सांगतात. त्यांनी वाशीला गर्भसंस्काराच्या वर्गात नाव घातलंय, पण ड्युटीवरून येऊन तिथे बसलं की माझे डोळे मिटतात. आम्ही शाकाहारी. माझ्यामुळे बाळाचं नुकसान झालं असेल का?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी उत्तर देते, मग कारण. तुमच्या रडण्याने बाळाचं काही बिघडलेलं नाही. वडील गेल्यावर लेक रडणारच. बाळ आणि तुमच्यामध्ये वार (प्लॅसेंटा) असते. दुःखात, ताणात आईच्या रक्तात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. वारेतलं एक विकर (एन्झाइम) त्यातलं बरंचसं बाळापर्यंत जाण्याआधीच निकामी करतं. अन्न गेलं नाही त्याचंही मनाला लावून घेऊ नका. तिसरा महिना संपताना बाळ जेमतेम बोटभर असतं, त्याची गरज थोडी असते. वजनाची खरी भर शेवटच्या तीन महिन्यांत पडते आणि ते महिने अजून तुमच्या हातात आहेत.

एक मात्र बघा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस सतत उदास वाटत असेल, कशातच जीव रमत नसेल, मिळालेल्या वेळेतही झोप येत नसेल, तर तुमच्या डॉक्टरांना सांगा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. लांबलेलं, उपचार न झालेलं नैराश्य हे शोकापेक्षा वेगळं. त्यात दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा आणि बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका वाढतो.

आता वर्गाबद्दल. मी ठाण्यात नौपाड्याच्या दवाखान्यात बसते, २६ वर्षं झाली, आणि अभिमन्यूची गोष्ट आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी सांगतंच. त्या गोष्टीत सुभद्रेला झोप लागली म्हणून चक्रव्यूहातून बाहेर पडायचं राहिलं, असं आपण ऐकत आलो. म्हणजे दोष कुणाचा, तर पोटुशी बाईच्या झोपेचा! मला हे कधीच पटलं नाही. रात्रभर काम करून आलेल्या बाईला झोपच हवी. खोलीत अंधार करून सलग झोपा, वर्ग चुकला तर चुकू द्या. डॉक्टरांचं पत्र घेऊन दिवसपाळी मागा. सातव्या महिन्यापासून पाठीवर न झोपता कुशीवर झोपा.

बाळाला साधारण सहाव्या महिन्यापासून ऐकू येऊ लागतं, हे खरं आहे. अमेरिकेत १९८० साली तीन दिवसांच्या आतल्या बाळांवर एक प्रयोग झाला. दूध नसलेलं निपल एका विशिष्ट लयीत चोखलं की आईचा आवाज लागायचा, दुसऱ्या लयीत परक्या बाईचा. बाळांनी आईच्या आवाजाची लय धरली. त्या आवाजाला फी पडत नाही. स्वयंपाक करताना बाळाला त्याच्या आजोबांच्या गोष्टी सांगा, सांगताना रडू आलं तरी सांगा.

मला खरी काळजी वाटते ती पत्राच्या शेवटी दोन शब्दांत येऊन गेलेल्या गोष्टीची : ‘आम्ही शाकाहारी’. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास केला. बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची, दिसायला बारीक, पण अंगात चरबीचं प्रमाण जास्त. सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी. ज्यांच्यात फोलेट (फॉलिक ॲसिड) भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करत नसल्याच्या खुणा दिसल्या. ज्या बायका पालेभाजी, दूध, फळं जास्त वेळा खात, त्यांची बाळं जन्मतः मोठी होती. बी-१२ पालेभाजीत नसतं, मोड आलेल्या मटकीतही नसतं. शाकाहारी माणसाला ते दूध-दही-ताक-पनीरमधून मिळतं, आणि चहातलं दूध त्यात धरू नका. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड यांबरोबर बी-१२ तपासून घ्या, कमी निघालं तर गोळी किंवा इंजेक्शन मिळेल.

आणि गोळ्या नुसत्या आणून भागत नाही. परवा कळव्याची एक मुलगी आली. हिमोग्लोबिन ८.४, तीन महिन्यांत वाढ नाही. पिशवी उघडायला सांगितली तर लोहाच्या गोळ्यांची चार पाकिटं तशीच, एकही घर फोडलेलं नाही. पाचव्या पाकिटातल्या तीन गोळ्या घेतलेल्या, त्याही चहाबरोबर, आणि मळमळलं म्हणून बंद. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांपासून ती दोन तास लांब ठेवावी. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घेतली तरी चालते, पण सोडू नये.

प्रश्न : मी वागळे इस्टेटला रिक्षा चालवतो. बायकोला सहावा महिना आहे. उलट्या होत होत्या तेव्हा माझ्या आईने तिला मिश्री लावायला दिली. आता ती दिवसातून तीन-चार वेळा लावते. आई म्हणते, आम्हीही लावायचो, पोरं झालीच ना. विडी नाही, धूर नाही, मग बाळाला काय होणार?

उत्तर : तुम्ही विचारलंत, फार चांगलं केलंत. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच. निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, वारेच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाचा पुरवठा घटतो. मुंबईतल्या १,२१७ गर्भवतींच्या अभ्यासात, जो २००४ साली प्रसिद्ध झाला, तंबाखू लावणाऱ्या-खाणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी होती आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. त्यांतल्या बहुतेक जणी मिश्रीच लावायच्या.

आईंवर रागावू नका. त्यांनाही कुणीतरी अशीच डबी दिली असणार. बायकोला एकटीला सोडायला सांगितलंत तर होणार नाही, कारण सकाळी घरात मिश्री भाजली की त्या वासानेच तिला तलफ येईल. दोघींनी एकाच दिवशी सोडायची. दात साध्या पेस्टने घासा, तलफ आली की बडीशेप किंवा लवंग तोंडात धरा. १८०० ११ २३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तो दोघींना लावून द्या. सहावा महिना आहे, आज सोडली तरी बाळाला पूर्ण तीन महिने मिळतात. पुढच्या तपासणीला आईंनाही बरोबर घेऊन जा, बाळाचे ठोके त्यांच्या कानावर पडू द्या.