आई-वडील सत्तरीच्या पुढे आहेत. चार दिवसांच्या सहलीत त्यांना जास्तीत जास्त काय दाखवता येईल, आणि ही सहल त्यांच्या कायमची लक्षात राहावी यासाठी काय करावे?

जास्तीत जास्त ठिकाणे दाखवण्याचा बेत कृपया आजच रद्द करा. एक गाव निवडा, तिथे दिवसा जाणाऱ्या रेल्वेने जा, त्यांना खिडकीजवळ बसवा आणि मोबाइल पिशवीत ठेवून तुम्ही स्वतः त्यांच्या शेजारी बसा. तुमच्या प्रश्नाचे माझ्याकडे असलेले थेट उत्तर एवढेच आहे. मात्र याच विषयावरून माझ्या थोरल्या भावाशी माझा अनेक वर्षे वाद चालू आहे, त्यामुळे हे मत कुठून आले ते सविस्तर सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझे वडील एका वृत्तपत्राच्या छापखान्यात यंत्रावर कामाला होते आणि त्यांच्या नोकरीची बहुतेक वर्षे रात्रपाळीत गेली. आम्ही भावंडे शाळेला निघायचो तेव्हा ते घरी परतत, आणि आम्ही दुपारी घरी यायचो तेव्हा ते झोपलेले असत, म्हणून घरात सगळे दबक्या आवाजात बोलत. अशा घरात सर्वांनी मिळून प्रवास करण्याचा प्रसंग म्हणजे कुणा नातेवाइकाचे लग्न, तेही बाबांना रजा मिळाली तर. ते निवृत्त झाल्यावर दादाने जाहीर केले की, घराचे हप्ते फिटले की आई-बाबांना विमानाने काश्मीरला न्यायचे. त्याच्या हेतूबद्दल मला कधीही शंका नव्हती. पण हप्ते फिटेनात, मग त्याच्या मुलाची दहावी आली, मग बारावी आली, आणि काश्मीर दर वर्षी पुढच्या वर्षावर जात राहिले. तोवर मी त्यांना जवळ कुठेतरी घेऊन जाते, असे मी एकदा म्हटले, तर ते त्याला लागले. आई-वडिलांना फिरवणे हे मुलाचे काम आहे, लेकीने आपला संसार पाहावा, असे तो बोलून गेला. ते वाक्य मी विसरलेले नाही आणि विसरण्याची माझी इच्छाही नाही.

आई-बाबा, माझे पती, आमची मुलगी आणि मी असे सगळे ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेसने रत्नागिरीला निघालो. मुंबईहून सकाळी सुटणारी ही गाडी दिवसाउजेडी कोकणातून जाते, यापलीकडे तिच्या निवडीला दुसरे कारण नव्हते. शयनयान वर्गाची तिकिटे मी मुद्दाम काढली, कारण त्या डब्याची खिडकी उघडते आणि वारा आत येतो. वातानुकूलित डब्याच्या धुरकट काचेतून कोकण पाहण्यात मला काही अर्थ वाटत नाही. त्या काळी ज्येष्ठ नागरिकांना तिकिटात सवलत होती, पुरुषांना ४० टक्के आणि स्त्रियांना ५० टक्के. मार्च २०२० मध्ये ती थांबवण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे. जन्मभर काटकसर केलेली माणसे आपल्यापायी मुलांचा खर्च होतो या एका विचाराने प्रवासाला नाही म्हणतात, आणि आपले तिकीट कमी पैशांत निघाले एवढे समजले की तयार होतात. माझी आई तशीच तयार झाली होती.

बाबांनी ठाण्याच्या फलाटावर वर्तमानपत्र घेतले. गाडी सुटल्यावर त्यांनी आधी पानाचा कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच चोळला, बोटाला शाई लागली का ते उजेडात पाहिले, आणि मगच पहिले पान उलगडले. ही त्यांची रोजची सवय होती, असे आईने मला सांगितले. मी त्यांची मुलगी असून ती त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

रोहा मागे पडल्यावर कोकण रेल्वेचा मार्ग सुरू झाला आणि बाबा बोलते झाले. या मार्गासाठी १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले तेव्हाची बातमी, ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या कामाच्या बातम्या, आणि जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाल्याची बातमी, हे सगळे त्यांच्या यंत्रावरून छापून निघाले होते. कोणत्या बोगद्यात माती ढासळत होती, कुठे काम अडले होते, हे त्यांना वर्तमानपत्राच्या पानासकट आठवत होते. त्या मार्गावरून ते स्वतः मात्र कधीही गेले नव्हते. माझी मुलगी बोगदे मोजत होती आणि तिची आजी पेन्सिलीने वर्तमानपत्राच्या समासात एकेक रेघ ओढून तिचा हिशेब ठेवत होती. बाबांनी त्यांच्या पानावर कुणाला काही लिहू दिल्याचे मला आठवत नाही; त्या दिवशी त्यांनी स्वतःच पान दुमडून आईच्या मांडीवर ठेवले.

कोकण रेल्वे बहुतांशी एकेरी मार्गाची आहे, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी आमची गाडी दिवाणखवटी स्थानकावर बराच वेळ थांबून राहिली. डब्यातले काही प्रवासी वैतागले. आम्ही डबा उघडला आणि पोळी-भाजी खाल्ली. खाता खाता बाबा मला म्हणाले, "तू शाळेत निघायचीस तेव्हा मी कोपऱ्यावरून वळायचो. तुझ्या दप्तराचा एक पट्टा नेहमी खांद्यावरून घसरलेला असायचा. हाक मारावीशी वाटायची, पण तुला उशीर होईल म्हणून मारायचो नाही." हे ऐकायला मला चाळिशी गाठावी लागली. विमानात ते बोलले असते का, असा प्रश्न मी दादाला आजही विचारते, आणि त्याच्याकडे त्याचे उत्तर नाही. माणसे अशी गोष्ट तेव्हाच सांगतात जेव्हा कुणालाच कुठे पोहोचायची घाई नसते.

उक्षीच्या पुढे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला. मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. त्याआधीच्या आमच्या प्रवासात डिझेल इंजिनाचा धूर डब्यात येई, म्हणून बाबांनी खिडकी खाली ओढली आणि दिव्याच्या उजेडात मनगटी घड्याळ पाहत राहिले. पाचेक मिनिटांनी डबा एकदम उजळला तेव्हा त्यांनी वेळ मोठ्याने सांगितली आणि नातीने ती समासात लिहून घेतली.

रत्नागिरीत आम्ही समुद्र पाहिला आणि थिबा राजाचा राजवाडा पाहिला, आणखी फार काही नाही. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ मध्ये ब्रिटिशांनी त्याला पदच्युत करून मंडालेहून हलवले आणि पुढे आयुष्यभर रत्नागिरीत स्थानबद्ध ठेवले. आज जो राजवाडा आपण पाहतो तो त्याच्यासाठी १९१० च्या सुमारास बांधून झाला, आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. मायदेश त्याला पुन्हा दिसला नाही. बाबांनी पाटी वाचून दाखवली. आई एका खिडकीशी उभी राहून ऐकत होती. मग ती म्हणाली, "अहो, राजा होता, चार मुली पदरात, आणि बाहेर जायचं तर साहेबाची परवानगी. आपल्याला आपल्या घरी परत जायला कुणाला विचारावं लागत नाही." बाबा त्यावर फक्त "खरं आहे" म्हणाले. माझी आई सातवी शिकलेली आहे. परत जायला स्वतःचे घर आहे आणि जाण्यायेण्याची मुभा आहे, या गोष्टीचे मोल तिने तिथे ज्या स्पष्टपणे सांगितले, तितक्या स्पष्टपणे मला ते कुणी कधी सांगितलेले नाही.

रात्री आम्ही सगळे एकाच खोलीत झोपलो. सकाळी आईने मला सांगितले की, पहाटे नेहमीच्या वेळी तिला जाग आली, कारण वर्षानुवर्षे त्या वेळी बाबांसाठी दार उघडायला ती उठत असे. तिने अंधारात पाहिले, बाबा, जावई, लेक, नात सगळे झोपलेले होते, कुणी यायचे राहिले नव्हते, म्हणून ती पुन्हा आडवी झाली. सहलीतले तुला काय आवडले, असे तिला विचारले की ती आजही हेच सांगते.

परत आल्यावर दादा म्हणाला, "एक राजवाडा आणि एक समुद्र, एवढ्यासाठी त्यांना रेल्वेत बसवून ठेवलंस?" मी तेव्हा गप्प बसले. नंतर बाबांना काचबिंदू असल्याचे निदान झाले. त्यात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवण्यासाठी थेंब घालावे लागतात. आता त्यांना मथळे तेवढे वाचता येतात, तेही भिंगातून. दादाचे हप्ते फिटले आहेत आणि विमानाची तिकिटे परवडतात, परंतु करबुड्याच्या पलीकडचा हिरवा उजेड पाहणारे डोळे त्या हप्त्यांसाठी थांबले नाहीत. म्हणून मी स्पष्टच लिहिते. आई-वडिलांची सहल पैसे साठेपर्यंत पुढे ढकलणे ही काटकसर नाही. त्यांचे वय आपल्या सोयीने थांबेल असे गृहीत धरणे आहे, आणि त्यांचा त्याहून मोठा अनादर मला सुचत नाही.

आता तुमच्या उपयोगाचे. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुले होते, त्या दिवशीच तिकिटे काढा. साठीपुढील पुरुष आणि ४५ वर्षांपुढील स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, परंतु एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. त्यामुळे आई-वडिलांचे तिकीट वेगळे काढण्याचा विचार करा आणि डबा तोच मिळतो का ते पाहा. एसटीने जाणार असाल तर ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे आणि स्त्रियांना निम्मे भाडे पडते. त्यांना आणखी थोडे बसणे झेपत असेल तर रत्नागिरीच्या पुढे जा, पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल त्याच बाजूला आहे. कोणते गाव निवडावे हे मी सांगणार नाही. ते तुम्ही त्यांनाच विचारा, आणि त्यांनी 'तुम्ही न्याल तिथे' असे म्हटले तर पुन्हा विचारा.

शयनयान वर्गाचा आग्रह मी धरला खरा, पण तुमच्यापैकी कुणाला दमा असेल किंवा एप्रिल-मे महिन्यात निघणार असाल तर निमूटपणे वातानुकूलित डबा घ्या. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्या सावकाश चालवतात, तेव्हा औषधे आणि खाणे हाताशी ठेवा. कमोड कोणत्या बाजूला आहे ते गाडीत चढल्याबरोबर पाहून ठेवा.

विमानालाही माझा सरसकट विरोध नाही. ज्यांना सलग बसवत नाही त्यांनी विमानानेच जावे. काश्मीरला न्यायचे असेल तर श्रीनगरच्या उंचीचा सहसा त्रास होत नाही, परंतु गुलमर्गचा दुसऱ्या टप्प्याचा रोपवे ३,९०० मीटरच्या वर जातो, हृदयविकार असलेल्यांनी तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. दादा सध्या पुन्हा त्याच विमानाबद्दल बोलतो आहे. मी त्याला कळवले आहे की, ६ जून २०२५ रोजी कटरा ते श्रीनगर थेट रेल्वेचे उद्घाटन झाले, त्या मार्गावरचा चिनाब नदीवरचा पूल नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच आहे, तो आमच्या कोकण रेल्वे महामंडळाच्या देखरेखीखाली बांधला गेला, आणि त्याची बातमी बाबांनी भिंग घेऊन शेवटपर्यंत वाचली. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. आरक्षण कोणत्या दिवशी खुले होते ते मी पाहून ठेवले आहे.