कापूस, कर्जमाफी अन् आजोबाच्या नावचा सातबारा: हिवाळ्यातले तुमचे प्रश्न

नागपूरचं अधिवेशन 8 डिसेंबर 2025 ला सुरू झालं, 14 ला आटपलं, मंत्री मुंबईला गेले आणि इकडं माझा फोन सुरू झाला. आमची जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्येच संपली, तेव्हा यवतमाळला प्रशासक आला, पण लोकांसाठी आपण मेंबरच. तेच ते प्रश्न रोज येऊन राह्यले म्हणून एकदाच लिहून टाकतो. व्हॉट्सअपवर फिरवायचंच असेल तर हे फिरवा.

प्रश्न (राळेगाव तालुका): भाऊ, कापूस घरातच पडून आहे. सीसीआयची (हमीभावानं कापूस घेणारं भारतीय कापूस महामंडळ) नोंदणी राहून गेली, आता होते का?

कपास किसान अ‍ॅप उघडून पाहा, नोंदणी चालू दिसली तर आजच्या आज करा. सप्टेंबरअखेरची मुदत होती, ती वाढवली, म्हणून पुन्हा वाढतेच असं धरून बसू नका. नोंदणी झाली म्हणजे काम झालं असं नाही, बाजार समितीकडून कागद तपासून मंजूर व्हावे लागतात, मग स्लॉट, मग गाडी. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 होता, मध्यमचा 7710, आणि तो 8 टक्के ओलाव्याला. त्याच्यावर जितके टक्के ओलावा तितके टक्के भाव कापतात आणि 12 च्या वर गेला की घेतच नाहीत. तरी लोक सकाळचा दहिवर पडलेला कापूस वेचून तसाच गाडीत कोंबतात आणि जिनिंगवर मीटरनं 14 दाखवलं की ग्रेडरशी भांडतात. दोन दिवस ऊन द्या ना बावा. त्या हंगामात खेडा खरेदीवाल्यांचा (गावात येऊन घेणारे व्यापारी) भाव पडला, आयात शुल्क ऑगस्ट 2025 पासून माफ केलं होतं तेही त्यातलं एक कारण, म्हणून केंद्रावर गर्दी झाली. स्लॉटचं काही अडलं तर बाजार समितीच्या सचिवाला भेटा, मला नाही.

प्रश्न (घाटंजी): व्यापारी म्हणतो तुमचा सातबारा न् आधार द्या, माझा माल तुमच्या नावावर लावतो, क्विंटलमागं पैसे देतो. द्यावा का?

नाही. उद्या चौकशी झाली तर नाव तुमचं निघेल, त्याचं नाही.

प्रश्न (दारव्हा): सोयाबीन केंद्रावरून परत पाठवलं.

ओलावा 12 टक्क्यांच्या आत पाहिजे. 2025-26 चा हमीभाव 5328 होता. वाळवून, चाळणी मारून न्या, आणि परत पाठवलं तर कारण कागदावर लिहून मागा.

प्रश्न (कळंब): कर्जमाफी 30 जूनला नक्की आहे म्हणतात, मग सोसायटीचं पीक कर्ज भरू का नको? यादी पण आली व्हॉट्सअपवर.

डिसेंबर 2025 पर्यंत यादी आलेली नव्हती. पुन्हा लिहितो, आलेली नव्हती. ऑक्टोबर 2025 च्या शेवटी बच्चू कडूंचं आंदोलन नागपूरला झालं, त्यानंतर सरकारनं सांगितलं की 30 जून 2026 पर्यंत निर्णय घेऊ आणि प्रवीण परदेशींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तोवर इतकंच झालं होतं. कोणाचं, कितीपर्यंत, कोणत्या तारखेची थकबाकी, यातलं काही तेव्हा ठरलेलं नव्हतं. 2017 ला दीड लाखापर्यंतचं झालं होतं, 2019 ला दोन लाखापर्यंतचं, आणि 2019 मध्ये 30 सप्टेंबरची थकबाकी धरली होती, म्हणजे तारीख सरकार आपल्या सोयीनं धरते, तुमच्या नाही. दुसरी बाजू पण पाहा: मुदतीत भरलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलतीत तीन लाखापर्यंतचं पीक कर्ज शून्य टक्क्यानं पडते, थकलं की व्याजाचं मीटर सुरू. मागच्या वेळेस नियमित भरणाऱ्यांना 50 हजारापर्यंत प्रोत्साहन होतं, ते कितीक जणांना किती उशिरा भेटलं हेही मला माहीत आहे. तर भरा किंवा भरू नका हे मी सांगणार नाही, सोसायटीच्या गटसचिवाकडं बसा, व्याजाचा हिशोब कागदावर काढून घ्या आणि मग ठरवा. पानठेल्यावर ठरवू नका.

प्रश्न (बाभुळगाव): सप्टेंबरच्या पावसात सगळी पराटी (कपाशी) गेली. गावात बाकीच्यांना मदत आली, आम्हाला नाही. वावर आजोबाच्या नावावर आहे, ते वारून बरेच वर्षं झाले. वडील पण नाहीत. तलाठी म्हणते यादीत नाव आहे पण पैसे टाकता येत नाही.

घ्या. याच प्रश्नाची वाट पाहत होतो, कारण दहातले पाच फोन असेच आहेत आणि माणूस सरकारला शिव्या देऊन मोकळा होते.

आधी मदतीचं. सरकारनं 7 ऑक्टोबर 2025 ला पॅकेज जाहीर केलं, कोरडवाहूला हेक्टरी साडेआठ हजार, बागायतीला 17 हजार, फळबागेला साडेबावीस, तीन हेक्टरपर्यंत, वरून रब्बीसाठी हेक्टरी 10 हजार वेगळे. हे पैसे आधार जोडलेल्या खात्यात जातात. फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) असलेल्याला ई-केवायसीची गरज नाही, नसलेल्यानं मदतीच्या यादीतला आपला विशिष्ट क्रमांक घेऊन सेतू केंद्रावर अंगठा द्यायचा. आता तुमचे आजोबा अंगठा द्यायला कुठून येतील? फार्मर आयडी पण सातबाऱ्यावर नाव असल्याशिवाय निघत नाही, आणि 15 एप्रिल 2025 पासून कृषी विभागाच्या योजनांना तो आयडी लागतेच. म्हणजे एक फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावातला बदल) झाला नाही तर मदत अडली, पीक विमा अडला, सीसीआय अडली, पीएम किसान अडलं, सौर पंप अडला. अन् माणूस काय म्हणते, "वावर तर आपलंच आहे, कोण नेते!" वावर कोणी नेत नाही, पैसे परत जातात.

वारस नोंदीला काय लागते ते ऐका. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं लिहिलेला अर्ज आणि प्रतिज्ञापत्र, वारसांचे आधार. तलाठ्याकडं द्या (कागदावर त्यांचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, आपल्यासाठी तलाठीच) नाहीतर ई-हक्क पोर्टलवर टाका. वारस रजिस्टरला नोंद, चौकशी, मग फेरफार, नोटीस, 15 दिवसांत कोणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. माणूस वारल्यापासून तीन महिन्यात कळवा असं कायदाच सांगते, पण उशीर झाला तरी नोंद होते, घाबरायचं नाही. मार्च 2025 मध्ये हीच जिवंत सातबारा मोहीम आपल्या बुलडाण्यातून सुरू झाली, एप्रिलपासून राज्यभर केली, तलाठी घरी येऊन कागद मागत होते. तेव्हा काहून नाही दिले? मी एका गावी स्वतः उभा होतो, चावडीवर मयत खातेदारांची यादी लावलेली, लोक यादीत आपल्या बापाचं नाव बोटानं दाखवत होते, हसत होते, आणि दाखला आणायला कोणी घरी गेला नाही.

तुमच्या घरी दोन पिढ्या आहेत, म्हणून आधी आजोबाचे वारस, मग त्यातल्या तुमच्या वडिलांचे वारस, दोन्ही दाखले लागतील. आजोबाची मृत्यूची नोंदच कधी केली नसेल तर वर्ष उलटल्यावर ते ग्रामसेवकाच्या हातात राहत नाही, तहसीलला जाऊन विचारा. एजंटला पाच-दहा हजार देऊ नका, तो बी तोच अर्ज त्याच टेबलावर ठेवते. खातं सामायिक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचं सहमतीपत्र घेऊन एकाच्या खात्यात मदत टाकता येते का, ते तलाठ्याला याच आठवड्यात विचारा, कारण मदतीची फाईल थांबत नाही.

प्रश्न (त्याच गावचे दुसरे): वारस लावताना आत्याचं नाव टाकायचं काय? त्या वर्ध्याला दिल्या आहेत, त्यांना काही नको.

टाकायचंच. बहिणीचं नाव लपवून केलेलं प्रतिज्ञापत्र खोटं ठरते, आणि हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. त्यांना खरंच नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करतील, दुय्यम निबंधकाकडं, साध्या कागदावर सही घेऊन नाही. आणि त्यांना नको हे तुम्ही नका सांगू, त्यांना सांगू द्या, दिवाळीला साडी दिली म्हणजे हक्क सुटत नाही. हरकत आलीच तर प्रकरण तक्रारी होते, महिनोन्महिने चालते, आणि फेरफार म्हणजे मालकीचा निकाल पण नाही. घरात वाद असेल तर चांगला वकील पाहा, मला मध्ये घालू नका. वाद नसेल तर वाटणी जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडून करून घ्या.

प्रश्न (मारेगाव): मिस्टर मागच्या वर्षी गेले, जमीन माझ्या नावावर लावली. पीएम किसान मिळेल का?

ताई, 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन घेतलेल्याला ते मिळत नाही, पण खातेदार वारल्यामुळं वारसानं आलेली जमीन त्याला अपवाद आहे. नवीन नोंदणी करा, फेरफार जोडा, तालुका कृषी कार्यालयात दाखवा. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीची मुदत 31 डिसेंबर 2025 ठरली होती, पतीच्या ओटीपीच्या जागी मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडं द्यायचा होता. फोनवर आलेली लिंक दाबू नका.

प्रश्न (केळापूर): रानडुकरांनी तूर लोळवली. आता विम्यात बसते म्हणतात?

2026 च्या खरिपापासून, 2025 च्या तुरीला नाही. केंद्रानं नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलं की 2026 च्या खरिपापासून वन्यप्राण्यांचं नुकसान विम्यात घेऊ, 72 तासात अ‍ॅपवर फोटोसह कळवायचं, आणि कोणते प्राणी धरायचे ते राज्य ठरवणार. 2025 च्या तुरीसाठी वनविभागाकडं तीन दिवसात अर्ज टाका, धुऱ्यावरून फोटो काढा ज्यात खूर आणि मोडलेली झाडं दोन्ही दिसतील. आठ दिवसांनी गेले तर वनरक्षक काय पाहणार, तोवर तुम्ही वखर मारलेला असते. एक रुपयाचा विमा बंद झाला हेही अजून कितीक जणांना माहीत नाही, 2025 च्या खरिपापासून सोयाबीन-तुरीला दोन टक्के, कापसाला पाच टक्के हप्ता आहे आणि भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर.

प्रश्न (आर्णी): सौर पंपाच्या सर्व्हेसाठी माणूस पाच हजार मागते.

देऊ नका. तुमचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीला 5 टक्के, तो महावितरणच्या पोर्टलवरच भरायचा. बाकी कोणालाच काही नाही. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाचपर्यंत पाच, वर साडेसात. पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडं आहे, ते लेखी घ्या.

प्रश्न (दिग्रस): अधिवेशनात वेगळ्या विदर्भाचं काय झालं?

काही नाही.

प्रश्न (नेर): वैनगंगा-नळगंगा नदीजोडचं पाणी आपल्याकडं कधी येते?

मंत्रिमंडळाची मान्यता ऑगस्ट 2024 ची, खर्च 87 हजार कोटींच्या वर, गोसीखुर्द धरणापासून बुलडाण्याच्या नळगंगेपर्यंत चारशे किलोमीटरच्या वर कालवा, आणि यवतमाळ त्यात आहे. ज्या गोसीखुर्दमधून पाणी उचलायचं त्याचं भूमिपूजन 1988 चं आहे, यावरून काय ते समजा. कालव्याची आखणी तुमच्या गट नंबरातून जाते म्हणून कोणी स्वस्तात जमीन मागत असेल किंवा जास्त मोबदल्याचं आमिष दाखवत असेल तर पाटबंधारे कार्यालयात नकाशा पाहिल्याशिवाय सही करू नका. तोवर शेततळ्याचा अर्ज महाडीबीटीवर टाका, जागा कुठली धरायची ते कृषी सहायकाला वावरात नेऊन दाखवा.