तिसऱ्या मण्यालाच मन बाजारात

प्रश्न : मी म्हापशाच्या बाजारात मासळी विकते. पहाटे जपमाळ हाती घेते, पण तिसऱ्या मण्यालाच बर्फाचा हिशेब सुरू होतो. देव ऐकत असेल का?

उत्तर : ताई, ऐकतो. तो हिशेबही त्यालाच सांगा. त्यावरच तुमच्या घरची चूल पेटते. माझं मन शिलाई मशीनवर असंच भरकटायचं. मग दुपारी बाराला चर्चची घंटा झाली की सुई थांबवून अँजेलसची प्रार्थना, म्हणजे देवदूताने मरियामातेला दिलेल्या निरोपाची आठवण करणारी छोटी प्रार्थना, म्हणू लागले. जेझुइट धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला दुपारी आणि रात्री, असा दोनदा दिवस तपासायला सांगत. झोपण्याआधी एवढंच विचारा : आज कुणी मला सांभाळून घेतलं? कुणाशी मी तुटक बोलले? मी दुसऱ्या प्रश्नावर फार वेळ अडते. काल शेजारणीचं नाव आलं. सकाळी आधी तिच्याच दारी गेले.