जुळं आहे, मग सिझरच का?

वाचकांचे प्रश्न, स्त्रीरोगतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : वय २९, पहिलंच बाळंतपण, जुळं आहे. ३३वा आठवडा चालू आहे. दोन्ही बाळांची वार (प्लासेंटा) वेगळी. खालच्याचं डोकं खाली, वरचं आडवं. डोंबिवलीच्या आमच्या नर्सिंग होममध्ये सरळ सिझर सांगितलंय, परळच्या मोठ्या रुग्णालयात म्हणाले नॉर्मलचा प्रयत्न करू. सासूबाई म्हणतात, एक नॉर्मल आणि दुसरं पोट फाडून झालं तर दुप्पट हाल. कुणाचं ऐकू?

उत्तर : दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. जुळ्यात आधी पाहायचं ते खालचं बाळ. त्याचं डोकं खाली आहे, दोघांची वाढ नीट आहे, वरचं फारसं मोठं नाही, तर वरचं आडवं असूनही नॉर्मलचा प्रयत्न रास्त ठरतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, २५ देशांतल्या सुमारे २,८०० गरोदर बायकांच्या अभ्यासात सगळ्यांचंच पहिलं बाळ डोक्याकडून होतं. बाळ दगावण्याचं किंवा गंभीर आजारी होण्याचं प्रमाण ठरवून केलेल्या सिझरमध्ये आणि नॉर्मलच्या बेतात जवळपास सारखंच, २ टक्क्यांच्या आसपास निघालं. नॉर्मलचा बेत असलेल्यांपैकी साधारण ४४ टक्के बायकांचं शेवटी सिझर झालं, हेही लक्षात ठेवा. सासूबाईंची भीती खोटी नाही, पण एक नॉर्मल आणि एक सिझरने असं घडलं ते ४ टक्क्यांच्या घरात.

पण हे आकडे तयारीच्या रुग्णालयांतले. खरी कसोटी पहिलं बाळ बाहेर आल्यावर लागते. गर्भाशयात अचानक जागा होते, कळा मंदावतात, दुसरं बाळ फिरू शकतं. म्हणून एक जण पोटावर हात ठेवून त्याला सरळ धरतो, खाटेशेजारच्या सोनोग्राफीवर डोकं कुठे आहे ते बघतात, ठोके सतत ऐकतात आणि कळांसाठी ऑक्सिटोसिनचं ड्रिप चालवतात. पाणमोट फोडायची घाई करायची नसते. बाळ खाली टेकायच्या आत पाणी गेलं तर नाळ पुढे घसरते, आणि ती दबली की मिनिटांत थिएटर गाठावं लागतं. बाळ आडवंच राहिलं तर डॉक्टर हात आत घालून पाय पकडतात आणि त्याला पायाकडून बाहेर आणतात. हा हात बसलेले डॉक्टर आता कमी होत चाललेत. एपिड्युरल, म्हणजे पाठीतून दिलेलं वेदना कमी करणारं औषध, आधीच दिलेलं असेल तर हे सगळं आईला सुसह्य होतं.

तेव्हा नर्सिंग होममध्ये थेट विचारा : रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ इमारतीत असतात की फोन केल्यावर निघतात? दोन बाळांना दोन वॉर्मर (ऊब देणाऱ्या खाटा) आणि दोन बालरोगतज्ज्ञ आहेत? एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) कुठे? रक्त क्रॉसमॅच करून, म्हणजे आईच्या रक्ताशी जुळवून, ठेवणार का? (जुळ्यात गर्भाशय इतकं ताणलेलं असतं की नंतर नीट आकसत नाही आणि रक्तस्राव होतो.) ‘लागलं तर बोलावून घेऊ’ असं उत्तर आलं तर त्यांचा सिझरचा सल्ला प्रामाणिक समजा.

परळ ठरवणार असाल तर नाव आत्ताच नोंदवा. पाणी गेलं तर कळांची वाट न बघता निघा, आणि लोकलने नाही. ३६व्या आठवड्यात स्थिती पुन्हा बघा, कारण खालचं बाळही फिरू शकतं. सगळं सुरळीत असेल तर ३७ आठवडे भरल्यावर बाळंतपणाचा दिवस ठरवतात.

प्रश्न : पत्नीला ३५वा आठवडा आहे. जुळ्यांची वार एकच, पाण्याच्या पिशव्या दोन, खालचं पायाळू. सिझर ठरलंय. घरच्यांनी येत्या गुरुवारचा मुहूर्त काढलाय. चालेल का? (बोरिवली)

उत्तर : सिझर योग्य. खालचं पायाळू असेल तर ते सहसा करतातच. गुरुवार मात्र नको. बाकी गुंतागुंत नसेल तर एकच वार असलेल्या जुळ्याला ३६ आठवडे भरू देतात. त्याआधी काढलं तर श्वासाचा त्रास होऊन एनआयसीयूत जायची शक्यता वाढते. उलट ३७च्या पुढेही ताणू नये, पोटातच बाळ दगावण्याचा धोका वाढतो. त्या आठवड्यातला दिवसाउजेडीचा मुहूर्त मिळाला तर डॉक्टरांची हरकत नसेल. फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं लागतील का, हेही विचारून घ्या.

वार एकच आहे हे ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत सर्वांत स्पष्ट कळतं. नंतर दोन बाळांमधले पडदे पातळ होतात आणि अंदाज चुकू शकतो, म्हणून तो जुना रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यांत वर ठेवा. पिशवीही एकच असती तर नाळा एकमेकींत गुंततात म्हणून ३२ ते ३४ आठवड्यांतच सिझर करावं लागलं असतं.

प्रश्न : पहिलं सिझर होतं, आता जुळं आहे. नॉर्मल होईल? (लालबाग)

उत्तर : एकच सिझर झालं असेल आणि गर्भाशयावरचा छेद खालच्या भागात आडवा असेल, तर मोठ्या रुग्णालयात, सतत देखरेखीखाली प्रयत्न करता येतो. उभा छेद असेल तर नाही. पोटावरच्या टाक्यांवरून आतला छेद कळत नाही. तेव्हा आधीच्या रुग्णालयातून शस्त्रक्रियेची नोंद मागवा, नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही.